दोर नसलेला झोका

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आली की खान्देशात निंबाच्या फांद्यांना दोर चढतात. माहेरी आलेल्या लेकी, गौराई, गाणी आणि झोका. सगळे झोक्यावरचीकडे बघतात, मी दोराकडे. बिचाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही! दोर पार आडवा होईपर्यंत मागे नेऊन कुणी सुटलंच, तर झोका अगदी तळाशी येतो तेव्हा त्याच्यावर वजनाच्या तिप्पट ताण पडतो. 5 मीटरच्या दोरावर तिथला वेग ताशी 35 किलोमीटरच्या घरात जातो. इतकं उंच कुणी जात नाही. गेलंच तर ओट्यावरून आजी ओरडते.

दोराशिवायही असा झोका घेता येतो, फक्त बसणारा इलेक्ट्रॉन हवा. एक धन, एक ऋण, सारखेच प्रभार अगदी जवळजवळ ठेवले की झाला डायपोल. दोघांच्या बरोबर मधल्या प्रतलात, थोडं लांब, इलेक्ट्रॉन अलगद सोडायचा. वाटतं, हा आता धन प्रभारावर जाऊन आदळणार. पण तो धन बाजूने सुबक अर्धवर्तुळ काढत पलीकडे त्याच प्रतलात पोचतो, क्षणभर थांबतो आणि आल्या वाटेने परत फिरतो. वळायला जेवढी ओढ लागते, तेवढीच ओढ डायपोल त्याला वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर आतल्या बाजूला देतो. ना कमी, ना जास्त. दोराचं काम तिथे हिशेबच करतो.

वेळेचं गणित मात्र निराळं. निंबावरचा दोर चौपट लांब केला की हेलकाव्याला दुप्पट वेळ लागतो. इथे अंतर नुसतं दुप्पट केलं तरी वेळ चौपट होतो, कारण दूरवर डायपोलची ओढ फार झपाट्याने विरते.

हे सगळं भाचीला रंगवून सांगितलं, तर तिने विचारलं, "मामा, त्याले झोका कोन देस?"

प्रश्न नेमका होता. त्याला झोका द्यायचाच नसतो! त्याची एकूण ऊर्जा तंतोतंत शून्य हवी. मागून जरासा जरी धक्का दिला, तरी तो दर फेरीला लांब लांब सरकत कायमचा निघून जातो. ऊर्जा तसूभर कमी पडली, तर आत ओढला जातो. त्यातून, वेग बदलणारा प्रभार लहरींवाटे ऊर्जा गमावतच राहतो, म्हणजे तो आज ना उद्या आत जाणारच. भाचीचं मत पडलं की असल्या झोक्यात काही मजा नाही. मला ते पटलं नाही, पण तोवर ती निंबाखाली पळाली होती.