खापरी किती जुनी, हे कळतं कसं?

शेत नांगरताना खापऱ्या वर येतात, विहिरीच्या खोदाईत एखादा मणी किंवा दगडी पातं निघतं, आणि मग आम्हा उत्खनन करणाऱ्यांना प्रश्न ठरलेला असतो: "हे किती वर्षांचं, ते तुम्ही सांगता कसं? मशीन असतं का?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मशीन असतं. पण बहुतेक वेळा ते वय सांगतं शेजारच्या कोळशाचं किंवा जळक्या दाण्याचं. तो दाणा आणि ती खापरी एकाच वेळची, हे माणसाला ठरवावं लागतं, आणि सगळे घोळ तिथेच होतात. खापरी तापवून थेट तिचंच वय काढायची पद्धतही आहे, पण त्यात पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतं. शिवाय खापरी ज्या मातीत पडली होती तिचा किरणोत्सार मोजावा लागतो. म्हणजे वस्तू हातात असून भागत नाही, तिची जागाही लागते.

उदाहरणाला इनामगाव घेऊ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या काळातली, वस्ती. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दहा-बारा हंगाम ती खोदली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खाली माळवा काळाची वस्ती (इ.स.पू. १६०० ते १४००), तिच्यावर आद्य जोर्वे (१४०० ते १०००), सगळ्यात वर उत्तर जोर्वे (१००० ते ७००). माळवा, जोर्वे ही खापऱ्यांच्या धाटणीवरून ओळखलेल्या संस्कृतींची नावं. दख्खनमधल्या अशा बहुतेक वस्त्या नदीकाठच्या पांढरीवर असतात. पडलेल्या मातीच्या भिंती, राख, शेण आणि हाडं यांनी शेकडो वर्षांत चढलेलं ते टेकाड. घरं सारवायला आणि शेतात टाकायला ही माती गाड्या भरभरून नेली जाते. आपल्याकडची कितीतरी प्राचीन गावं अशी शेतांत पसरून गेली.

खोदाई सहसा पाच मीटरच्या चौरसांत होते. दोन चौरसांच्या मध्ये अर्धा ते एक मीटर रुंदीची माती मुद्दाम तशीच ठेवतात. नवख्या माणसाला ती अडचण वाटते, पण आमची सगळी मदार तिच्यावर. तिच्या उभ्या कापात थर दिसतात: चोपलेली जमीन, राखेचा पट्टा, पुराची रेती, पुन्हा जमीन. आकडे वरून खाली देतात, म्हणजे एक नंबरचा थर सर्वांत अलीकडचा. कुदळ मारायची ती हलक्या हाताने. रंग किंवा घट्टपणा बदलला की कुदळ बाजूला ठेवून खुरपं आणि ब्रश घ्यायचा, आणि प्रत्येक थराच्या खापऱ्यांची टोपली वेगळी.

वर नवीन, खाली जुनं, एवढंच असतं तर कुणीही खोदलं असतं. अडचण खड्ड्यांची. इनामगावात लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जोडून त्यांत पुरत, आणि तेही घराच्या जमिनीखाली. (मोठ्यांना आडवं पुरत; त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत.) त्यासाठी जमीन फोडून खड्डा करावा लागे. तो खड्डा जुन्या घराच्या थरात उतरतो, म्हणून मडकी सापडतात शंभर-दोनशे वर्षं जुन्या घराच्या पातळीला. खड्ड्याची कड नजरेतून सुटली की ते मूल भलत्याच पिढीचं ठरतं.

ही कड दिसते कशी, ते सांगतो. उभा काप थापीने सपाट तासून घ्यायचा, वर पाण्याचा बारीक फवारा मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. खड्ड्यात भरलेली माती भुसभुशीत असते. ती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या वेगाने सुकते आणि तेवढा वेळ कडेची रेघ उमटते. ती लगेच खुरप्याच्या टोकाने ओढून ठेवायची. दुपारच्या उन्हात सगळं एकसारखं पांढरं दिसतं. हे काम सकाळी किंवा उतरत्या उन्हाचंच.

मग दाणे. चूल, राखेचा खड्डा, कणगीचा तळ अशा जागांमधून दहा ते वीस लिटर माती घेतात, सावलीत वाळवतात आणि बादलीत पाणी घेऊन हळू ढवळतात. जळून कोळसा झालेले दाणे तरंगतात. ते वरच्या पाण्यासकट अर्ध्या मिलिमीटरहून बारीक चाळणीवर ओतायचे आणि पुन्हा सावलीतच सुकवायचे. उन्हात ते तडकतात. आपल्या काळ्या मातीचे गोळे लवकर सुटत नाहीत, म्हणून पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवावं लागतं. गोळे हाताने चुरगाळले तर दाण्यांचाही भुगा होतो. न जळलेलं बी निघालं तर ते सरळ बाजूला काढतात. आपल्या पावसात तीन हजार वर्षं कच्चं बी टिकत नाही, ते अलीकडेच आत शिरलेलं असतं. इनामगावचे सातू, मसूर, कुळीथ ओळखू आले ते असेच जळालेले होते म्हणून.

आता कार्बनची तारीख. सजीव मेला की त्याच्यातला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) कमी होत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. नमुना चिमट्याने किंवा चाकूच्या टोकाने उचलायचा आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायचा. कागद नको, कापूस नको, ओला तर अजिबात नको, कारण बुरशी धरते आणि बुरशीत आजचा कार्बन असतो. नमुन्यातला एक दशांश कार्बन आजचा असला तर तीन हजार वर्षांचा कोळसा साधारण साडेतीनशे वर्षांनी तरुण दिसतो. लाकडाचा घोळ उलटा. जुन्या सागाच्या गाभ्याचा कोळसा घेतला तर तारीख येते तो गाभा वाढला तेव्हाची, घर बांधलं तेव्हाची नव्हे. म्हणून एका हंगामात पिकलेला दाणा केव्हाही सरस.

पण दाणाही फसवतो. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात हात भेगा पडतात आणि वरचा दाणा थेट खालच्या थरात जातो. उंदीर-घुशींची बिळं आहेतच. एका तारखेवर वस्तीचं वय सांगणाऱ्याचं मी फारसं मनावर घेत नाही. एकाच थराच्या तीन-चार तारखा जुळल्या आणि वरखालच्या थरांशी क्रम बसला, तर बोलावं. आणखी एक दुखणं आपल्या हातात नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातला कुठलाही कोळसा दिला तरी यंत्रात जवळपास सारखाच आकडा येतो, कारण त्या काळात हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाणच तसं हलत गेलं. उत्तर जोर्वेचा शेवट नेमका त्याच टप्प्यात अडकतो.

जागा हातची गेली की काय होतं, ते दायमाबादला दिसतं. प्रवरेकाठी १९७४ साली एका गावकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून जास्त धातू. पण त्या कुठल्या थरातल्या हे बघायला तिथे कुणी नव्हतं. नंतर रीतसर उत्खनन झालं, तरी या चौघांच्या काळाबद्दलचा वाद पुरता मिटलेला नाही.

माणसाच्या वस्तीचं जे, तेच निसर्गाच्या इतिहासाचं. जुन्नर तालुक्यातल्या बोरीला कुकडी नदीच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच ठिकाणी पुराश्मयुगीन (जुन्या अश्मयुगातली) दगडी हत्यारं मिळतात. राखेचं वय कुणी चौदा लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाखांच्या आसपास. राखेची रासायनिक घडण सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जुळते, असंही दाखवलं गेलं. राखेत जुन्या खडकाचे कण मिसळले की वय फुगतं. शिवाय नदीने वाहून आणलेली राख आणि वाहून आणलेली हत्यारं शेजारी पडली, एवढ्यावरून ती समवयस्क होत नाहीत.

आणि लोणार. इनामगाव का उजाडलं याचं नेहमीचं उत्तर दुष्काळ. त्याला आधार आहे: उत्तर जोर्वेत चौकोनी घरं कमी होऊन गोल झोपड्या वाढतात, गुरांच्या तुलनेत शेळ्यामेंढ्यांच्या हाडांचं प्रमाण वाढतं. लोणारच्या तळातून नळ्यांनी सुमारे दहा मीटर गाळ काढला गेला. तळं आटून खारं झालं की त्यात गेलुसाइट नावाचे स्फटिक धरतात, म्हणून गाळात ते कुठे आहेत यावरून कोरडी शतकं कळतात. पण त्यातली मोठी अवर्षणं साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० आणि पुढे इसवी सनाच्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकापर्यंतची निघाली. उत्तर जोर्वेचा काळ, इ.स.पू. १००० ते ७००, त्यांत बसत नाही. लोणारचं तळं घोडनदीच्या पावसाची साक्ष देईलच असं नाही, हे खरं. पण माझ्या मते निव्वळ दुष्काळाचं उत्तर आता पुरत नाही. नदीने पात्र बदललं का, जमीन थकली का, लोकच वर्षातून काही महिने हिंडायला लागले का, हे सगळं तपासायला हवं.

तुमच्या शेतात काही निघालं तर उकरू नका. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर, जमिनीपासूनची खोली आणि मातीचा रंग लिहून ठेवा, आणि राज्य पुरातत्त्व खात्याला कळवा. मौल्यवान ठेवा असेल तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं सगळं कलेक्टरला कळवावं लागतं; दहाचा आकडा अजून तसाच आहे. खापऱ्या निसटून हातात आल्याच, तर धुऊ नका. आतून चिकटलेली जळकी खरपुडी कधीकधी तारखेला पुरते, आणि ती तारीख त्याच मडक्यात शिजलेल्या अन्नाची असते.