करवंदाएवढी द्राक्षं

आमच्या शेतात दोन जातींचा माल असतो. एक, जो पाहुण्यांना जाताना पिशवी भरून देतो. दुसरा, जो पाहुण्यांनी न विचारता तोंडात टाकला की तोंड वाकडं करून म्हणतात, "अहो वहिनी, यात बिया आहेत की!"

आहेतच. मण्यात दोन-तीन. साल जाड, मणी करवंदाएवढा, तसाच काळा, आणि चार मणी खाल्ले की जीभ जांभळी. ही शिराझ, लाल वाइनचं द्राक्ष. दिंडोरी तालुक्यात आमचा दीड एकराचा तुकडा आहे तिचा. बाकीचं थॉमसन, म्हणजे खायचं बिनबियांचं द्राक्ष, नवरा बघतो, हा तुकडा माझ्याकडे. माझ्याकडे आला तो काही कौतुकाने नाही. कुणालाच नको होता म्हणून. घरात त्याला 'वाइनचा तुकडा' म्हणतात. सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे, त्या सरळ 'दारूचा तुकडा' म्हणतात. मला त्यांचं पटतं. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या गोष्टीला उगाच सरबत कशाला म्हणायचं?

थॉमसनमध्ये आम्ही सगळे मणी मोठा करायच्या मागे असतो. जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं, डिपिंग (घड त्यात बुडवायचे), मग विरळणी, मग पुन्हा डिपिंग. बायका दिवसदिवस हात वर करून एकेका घडातले मणी कात्रीने काढतात, मानेला रग लागते. वाइनच्या द्राक्षाला यातलं काहीच नाही. तिथे मणी लहान हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, गर पाणचट. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. माल एकरी पाच टनांच्या पुढे गेला तर वायनरीचा माणूस कपाळाला आठ्या घालतो. आमचे हे पहिल्या वर्षी म्हणाले होते, "माल कमी काढा म्हणणारा व्यापारी जन्मात पहिल्यांदा पाहिला."

खरी गंमत छाटणीत आहे. तिकडे फ्रान्स-इटलीत वेल थंडीत पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. नाशिक पडलं वीस अक्षांशावर. इथे वेलीला झोपच नाही. सोडून दिली तर बारा महिने पालवत बसेल. म्हणून आपण कात्रीने तिचं कॅलेंडर फिरवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या फुटीवर मे-जूनचं ऊन पडतं तेव्हा काडीच्या डोळ्यात घड तयार होतो, बाहेरून काही दिसत नाही. पावसाळा सरत आला की दुसरी, फळछाटणी. बोलताना अजून 'ऑक्टोबर छाटणी'च म्हणतो, वाइनची सप्टेंबरातच उरकत असली तरी. म्हणजे छाटण्या दोन, पीक एकच, आणि ते आणायचं थंडीत. उन्हाच्या देशात वाइन करायची ही आपली युक्ती: उन्हाळा टाळायचा आणि हिवाळ्यालाच पिकण्याचा हंगाम करायचा.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, हायड्रोजन सायनामाईडची. हातमोजे घालून एकेक डोळा पुसायचा. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू अजिबात चालत नाही. घेतलीच तर चेहरा लालबुंद होतो, धाप लागते, छाती धडधडते. वर्षभर सांगून ऐकत नाहीत ते गडी तेवढ्या दिवसांत एकदम सज्जन होतात. सासूबाई म्हणतात, दारूच्या तुकड्याने केलेलं हे एकच पुण्य.

छाटणी कधी घ्यायची हा मात्र दर वर्षीचा जुगार. ऑगस्टअखेर घेतली तर फुलोऱ्यात पाऊस सापडतो आणि डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, घड खाऊन टाकतो. उशिरा घेतली तर माल मार्चच्या उन्हात पिकतो. तेव्हा साखर धावत सुटते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उडून जातो; अशा रसाची वाइन जिभेवर लोळागोळा होऊन बसते. मधला मार्ग म्हणून मी सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत मण्यात रंग भरताना दिवस उबदार आणि रात्री कडाक्याच्या. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या पाऱ्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते ना, ती वाचून थॉमसनवाला धास्तावतो, मणी तडकतील म्हणून. मी मनातून खूश होते. थंड रात्रीतच आंबटपणा टिकतो. एकाच घरात, एकाच बातमीवर, नवरा शेकोट्या पेटवायची तयारी करतो आणि बायको स्वेटर घालून समाधानाने चहा पिते.

२०१९ ला यातलं काहीच चाललं नाही. ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस थांबेना. फवारणी करून ट्रॅक्टर बांधावर येईपर्यंत औषध धुऊन जायचं. त्या वर्षी आमच्या दोन्ही तुकड्यांची सारखीच राख झाली.

हा तुकडा मुळात साडेतीन एकरांचा होता. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ ला आलं, विंचूर आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले, आणि गावोगाव वाइनच्या रोपांची बोलणी सुरू झाली. त्याआधी 'सुला'च्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाच्या बाजूला १९९७ मध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ आणि चेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जाती लावल्या तेव्हा सासरे मोटारसायकलवर बघायला गेले होते. "दाणा बघण्यासारखा नाही, पण माणूस येडा वाटत नाही," असं येऊन सांगितलं म्हणे. २००४ ला त्यांनीच दोन एकर कॅबरने (तीही लाल वाइनचीच जात) आणि दीड एकर शिराझ लावली. करार झाला, सुरुवातीचे हंगाम पैसेही वेळेवर आले. मग २००८ च्या अखेरीला मुंबईवर हल्ला, त्यात मंदी. हॉटेलं ओस पडली, बाटल्या उठेनात. आमच्या वायनरीने माल उचलला आणि चेक दिला तो दोनदा परत आला. (नाव घेत नाही. तो चेक अजून सासऱ्यांच्या ट्रंकेत आहे.) शिवारात लोकांनी करवती लावल्या. आम्हीही कॅबरने कापून त्याच खुंटांवर थॉमसनचं कलम भरलं. शिराझचा नंबर लागायच्या आत मजूर दुसरीकडे गेले, आणि मग ती तशीच राहिली. पुढे दुसऱ्या वायनरीशी करार जमला.

इतकी वर्षं पिकवून मी वाइन मात्र चाखली नव्हती. म्हणजे भाऊजींनी गोव्याहून आणलेली पोर्ट एकदा घेतली होती लपून, ती खोकल्याच्या औषधासारखी गोड. वाइन म्हणजे तीच, असा आपल्याकडच्या निम्म्या लोकांसारखा माझाही समज. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात वायनरीने पहिल्यांदा ओळीने पाच पेले पुढे ठेवले तेव्हा आम्ही तीनच बायका होतो, आणि पुरुष आमच्याकडे बघत होते की या पितात का.

पहिला पेला बुडबुड्यांच्या वाइनचा. तिचं द्राक्ष जानेवारीतच तोडतात, साखर अठरा-एकोणीस ब्रिक्सवर (रसातली साखर मोजायचं माप) असताना, आंबट असतानाच. गरम मुलखाला हा प्रकार फार सोयीचा, कारण आंबटपणा उडण्याची वाटच बघायची नाही. आपल्याकडे हे काम नारायणगावला शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकातच सुरू केलं होतं. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात गेली. आता दिंडोरीत शाँदों नावाची करतात. दुसरी सोव्हिन्याँ ब्लाँ. शिवारात तिला 'सोव्हिनॉन' म्हणतात, आणि फ्रेंच माणूस ऐकायला येत नाही तोवर बरंच आहे. तिला चिरलेल्या शिमला मिरचीचा वास येतो. मी तो वास घेतला आणि आमची पॉलीहाऊसवाली शेजारीण आठवली.

तिसरी चेनिन, किंचित गोडसर, पिकल्या पेरूची आठवण देणारी. माझ्या मते नाशिकला खरी मानवली ती ही. भरपूर पिकते, उन्हातही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते, आणि आपल्या जेवणाशी भांडत नाही. तिखटाला थोडा गोडवा लागतोच. नाशिकच्या काळ्या रश्श्याच्या मिसळीबरोबर थंडगार चेनिन घेऊन बघा आणि मग मला सांगा. उलट काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर कडक लाल वाइन घेतली तर तोंडात तुरट आणि तिखट यांची मारामारी होते. फोटोत चांगलं दिसतं, एवढंच. हीच चेनिन वेलीवर सुकत आली की तोडून जेवणानंतरची गोड वाइनही करतात.

झिनफँडेलही असते काहींकडे. तिचा घड एकदा हातात धरून बघावा: एकाच घडात हिरवे मणी, पिकलेले मणी आणि बेदाणा झालेले मणी. एकत्र कुटुंबासारखी. तिच्यापासून फिकट गुलाबी वाइन करतात हे शहाणपणच.

चौथ्या पेल्यात शिराझ होती. काळी मिरी, करवंद, आणि मागे थोडा धूर. आमचाच माल त्यात होता की नाही कोण जाणे, सगळ्यांची एकत्र टाकीत जाते. पण वास घेतल्यावर फेब्रुवारीतल्या पहाटेची आमची क्रेटं डोळ्यांपुढे आली आणि मला चक्क रडू आलं. शेजारच्या काकांनी विचारलं, चढली का?

पाचव्यात कॅबरने. तिच्याबद्दल मी निष्पक्ष राहू शकत नाही.

नंतर एका अभ्यास सहलीत अकलूजकडे गेले. तिथे इटलीची सँजोव्हेसी लावली आहे, ऊन आमच्यापेक्षा कडक, पाऊस कमी. त्यांचं पाण्याचं गणित बघून आम्ही किती सुखी आहोत ते कळलं. बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर कुटुंबाने लावलेल्या बागा आहेत, तिकडे उंचीमुळे वर्षभर हवा सौम्य. ते अजून बघायचं आहे. इगतपुरीकडच्या बागा मात्र बघितल्या, त्या पावसात डाऊनीशी झुंजणाऱ्यांना माझा दंडवत.

परवाचं सांगते आणि थांबते. तोडणी जवळ आली की वायनरीचा पोरगा साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो. मणी चिरडून काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. तो म्हणाला, "ताई, तेवीस आलेत. उद्या पहाटे काढू." सासूबाई बांधावर शेण्या मोजत होत्या. आल्या, चार वेलींवरचे चार मणी तोंडात टाकले, साल थुंकली, आणि बिया दाढेखाली घेतल्या.

"बी हिरवी आहे अजून. कडू लागते. चार दिवस थांब."

पोरगा हसला. मग त्यानेही बी चावली, आणि हसायचा थांबला. बी तपकिरी होऊन कुरकुरीत लागली पाहिजे, हे त्याला कॉलेजात शिकवलंय, आईंना हे कुठून कळतं ते मी विचारलं तर म्हणाल्या, "करवंदं खाल्ली नाहीत का कधी?"

चार दिवस थांबलो. आज पहाटे चारला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका डोक्याला बॅटऱ्या लावून ओळीत शिरल्या, ऊन चढायच्या आत नऊला शेवटचं क्रेट गाडीत चढलं. सासूबाईंनी गाडीला हात जोडले नाहीत. थॉमसनच्या गाडीला जोडतात. पण गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर उभ्या होत्या.