परत एकदा लाव ना

"मामा, परत एकदा लाव ना."

आज दुपारी हर्णैला भाचीचा आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, सराव घेत होतो. वाचनात 40 पैकी 31 बरोबर. ऐकण्यात फक्त 14. परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, म्हणून मी परत लावलं नाही. पोरीचे डोळे भरून आले.

उत्तरं तपासली तर 'थर्टीन'च्या जागी 30 लिहिलेलं. शब्द ओळखीचा, पण तो तिने आजवर डोळ्यांनीच पाहिलेला.

संध्याकाळी दोघं बंदरावर गेलो. सुरमईचा लिलाव चालू होता, तिथे नुसता गलका. बोली कितीवर तुटली ते मला कळलंच नाही. तिला एका दमात कळलं!

कान तर तिखट आहे तिचा. बारा वर्षं इंग्रजी विषय होता. त्यातलं कानावर किती पडलं असेल?