शिझुओका : साध्या पोलीस गाडीच्या बाजूने

टोकियोहून शिझुओकाला जायचं तर नोझोमी ही बुलेट ट्रेन उपयोगाची नाही, ती तिथे थांबतच नाही. हिकारी नाहीतर कोदामा, या तिच्याहून सावकाश गाड्या पकडायच्या. मला हे खटकलं. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या किटांच्या कंपन्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या मॉडेलांच्या; जगभरच्या मॉडेलवाल्यांच्या तोंडी असलेली ही नावं या एकाच प्रांतातली, आणि या मार्गावरची सगळ्यात वेगवान गाडी तिथून धडधडत निघून जाते!

त्यात मे महिन्यात हॉबी शो भरतो तेव्हा शहरात खोली मिळत नाही. निदान माझ्यासारख्या आयत्या वेळी जागं होणाऱ्याला तरी नाही. शेवटी हामामात्सुला राहिलो आणि कोदामाने ये-जा केली. खोली अशी, की बॅग उघडायची तर पलंगावर चढून बसायचं. बरोबर मावसभाऊ होता. तो टोकियोत नोकरी करतो आणि फाडफाड जपानी बोलतो. मॉडेलांशी त्याचा काडीचा संबंध नाही. दुभाषी म्हणून ओढून नेला होता, आणि हे तो मला तासातासाला ऐकवत होता.

शहर आवडलं. रस्त्यात मध्येच एक टपालपेटी लागते, तीही किटमधल्यासारखी, सुटे भाग चौकटीत अडकवलेली, जणू आत्ता कोणीतरी कापून जोडणार आहे. पत्र मात्र खरंच टाकता येतं. इथे सुतारकाम जुनं, त्यातून लाकडी खेळणी, मग लाकडी मॉडेलं आणि शेवटी प्लास्टिक. आओशिमा 1924 ची, सुरुवात विमानांपासून. तामिया 1946 ची, मुळात लाकडाची वखार. काळ्या रश्शातलं ओदेन खाल्लं, वर माशाची पूड भुरभुरवलेली. मावसभावाने तीनदा घेतलं, मला एकदाच पुरलं. फुजी ढगात होता. शहराबद्दल एवढंच.

खरं सांगायचंय ते ट्विन मेस्से नावाच्या प्रदर्शन केंद्रातलं. सर्वसामान्यांसाठी दारं उघडतात त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर काचेपर्यंत पोचेस्तोवर मागचे लोक फोन उंचावून आपल्याच डोक्याचे फोटो काढतात. बसायला खुर्ची म्हणाल तर नाही. मी वैतागून पलीकडच्या दालनात गेलो. तिथे गावोगावचे हौशी क्लब आपापली कामं मांडून बसतात. गर्दी तिथेही आहे, पण टेबलामागे माणूस असतो आणि त्याला बोलायचं असतं.

एका टेबलावर नुसत्या पोलीस गाड्या होत्या. टोयोटा क्राउन, पिढीमागून पिढी, जीआरएस 180, 202, 210 अशा क्रमांकांच्या. सगळ्या 1/24, म्हणजे खरीच्या चोविसाव्या भागाएवढ्या. वरचा भाग पांढरा, खालचा काळा, बोनेटवर सोनेरी चिन्ह, छतावर हेलिकॉप्टरमधून वाचता यावेत म्हणून आकडे. एका क्राउनचा दिव्यांचा पट्टा छताला टेकलेला, शेजारचीचा वर उचललेला. जपानी गस्ती गाड्यांवर तो खरंच वर-खाली होतो. आणि या सगळ्या सेडानांच्या टोकाला, पाहुणी आल्यासारखी, एक होंडा एनएसएक्स. तीही काळी-पांढरी.

टेबलामागे दोघं. एक सत्तरीचे, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. दुसरा चाळिशीचा, टोपीवाला. दोघं हळू आवाजात बोलत होते. एक बोलला की दुसरा दातांतून हवा ओढायचा, मान तिरकी करायचा, "सो देस ने" (हं, खरंय) म्हणायचा. मला वाटलं, जेवायचं काय ते ठरवतायत.

"दादा, वाद चाललाय," मावसभाऊ कानाशी येऊन म्हणाला.

"कसला?"

"कंपन्यांनी कुठली पोलीस गाडी काढावी, त्याचा. जोरात चाललाय."

तो जोर मला शेवटपर्यंत ऐकू आला नाही. पण मावसभाऊ एकेक वाक्य सांगत गेला आणि मी तिथेच रुतलो.

जाकीटवाल्या आजोबांचं म्हणणं असं. रस्त्यावर रोज दिसते ती क्राउन. ती किटमध्ये आणल्याबद्दल आओशिमाचे आभारच मानायला हवेत. पण ज्याला-त्याला एक्स्प्रेस-वेवर पाठलाग करणारी गाडी हवी. चौकीतून निघून गल्लीबोळात फिरणारी ती छोटी पोलीस गाडी, शाळा सुटताना कोपऱ्यावर उभी असते ती, तिला कोण विचारतो? त्यांनी स्वतः एक करून आणली होती. कुणाच्या तरी साध्या छोट्या गाडीचं किट, दिवे दुसऱ्या किटमधले उरलेले, दारावरची अक्षरं घरी छापलेली. ती सगळ्यात मागे ठेवली होती. मला विचाराल तर टेबलावरचं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

टोपीवाला म्हणाला, सेडान सुंदर आहे, कबूल. पण दुकानात पोरगं कशापाशी थांबतं? आणि एनएसएक्स काही मनानं रचलेली नाही. तोचिगी प्रांताच्या पोलिसांनी ती खरंच वापरलीय, कारण ती बनायचीच तोचिगीत, होंडाच्या ताकानेझावाच्या कारखान्यात. त्याच पोलिसांना 2018 मध्ये निस्सान जीटी-आर आणि 2020 मध्ये लेक्सस एलसी 500 देणगीत मिळाली. मग किटवाल्यांनी काय पाप केलं?

आजोबांनी दातांतून हवा ओढली. एका प्रांतात एक असलेली गाडी शेल्फवर दहा खोक्यांत दिसते, म्हणाले, आणि प्रत्येक प्रांतात शेकड्यांनी असलेली शोधावी लागते.

इथून गाडी पैशांवर आली, आणि मला हाच भाग सगळ्यात आवडला. पोलादी साचा कोरणं हा कुठल्याही किटचा मोठा खर्च. पोलीस गाडीसाठी वेगळा साचा क्वचितच कोरतात. आधीच असलेल्या गाडीला एक छोटी चौकट जोडायची, तिच्यात दिवे, भोंगा, अँटेना. डेकलचा, म्हणजे गाडीवर चिकटवायच्या अक्षरा-चिन्हांचा, नवा कागद टाकायचा, नवं खोकं छापायचं. त्यामुळे कुठली गाडी पोलिसांत भरती होणार हे आधीच ठरलेलं असतं. जिचा साचा गोदामात पडून आहे, ती. स्पोर्ट्स गाड्यांचे साचे प्रत्येकाकडे असतात, म्हणून त्यांचीच भरती जास्त.

मग क्राउन कशी आली? टोपीवाल्याने मोबाईलवर एक खोकं दाखवलं. तीच क्राउन, जमिनीला टेकलेली, रुंद चकचकीत चाकांची, रात्री शहरात मिरवायला काढतात तसली. आओशिमा त्या धाटणीच्या गाड्यांची 'व्हीआयपी' मालिकाच काढते. म्हणजे एका क्राउनवर केलेला खर्च साधी, सजवलेली, गस्तीची, वेषांतर केलेली अशा अनेक खोक्यांतून वसूल होतो. ज्या गाडीला पोलीस थांबवणार ती आणि थांबवणारी, दोन्ही सख्ख्या बहिणी. आजोबा मनापासून हसले, पण मुद्दा काही त्यांनी सोडला नाही.

एवढ्यात एक अमेरिकन पाहुणा थांबला. तो इंग्रजीतून सुरू झाला, मावसभाऊ दोन्हीकडून कात्रीत. याचं दुखणं निराळंच. त्याच्याकडे गाड्या 1/25 च्या, कारण अमेरिकन किटं गाडीविक्रेत्यांच्या जाहिरातीच्या मॉडेलांतून वाढली. आणि तिकडची काळी-पांढरी उभी कापलेली असते, दारं पांढरी आणि पुढचं-मागचं काळं. जपानची आडवी कापलेली. त्याची तक्रार फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाची. लिंडबर्गचं किट आहे, पण ते नव्वदीतल्या गोलसर रूपाचं. 1998 मध्ये फोर्डने रूप बदललं, आणि 2011 पर्यंत बनत राहिलेली ती गाडी अख्ख्या अमेरिकेने आरशात बघून घाम पुसलाय. तिच्यासाठी मात्र रेझिनमध्ये ओतलेलं गाडीचं नुसतं शरीर शोधा, कापा, घासा. "कंपन्या माझ्या लहानपणीच्या गाड्या परत परत काढतात," तो म्हणाला, "1978 ची डॉज मोनॅको पुन्हा आली. मला ती नकोय असं नाही. पण..."

त्या 'पण'वर दोन्ही जपान्यांनी एकदम माना डोलावल्या. तेवढ्यापुरतं एकमत.

मग दिव्यांच्या पट्ट्यावरून पुन्हा जुंपली. वर उचललेला ठेवायचा की टेकलेला? टोपीवाल्याच्या मते वरच, नाहीतर ती यंत्रणा किटमध्ये दिली कशाला. आजोबा म्हणाले, गाडी शेल्फवर उभी आहे, तातडी कसली? यावर मी आजोबांच्या बाजूने मत दिलं. मला कोणी विचारलं नव्हतं, मावसभावाने ते सौम्य करून सांगितलं असावं.

दारावरच्या अक्षरांवरही असंच. किटमधल्या डेकलवर मोजक्या प्रांतांची नावं. ज्याचा प्रांत नाही त्याने काय करायचं? छापायचं. पांढरी अक्षरं घरच्या छपाईयंत्रावर येत नाहीत, त्याची रडकथा वेगळी. ती मी पूर्ण ऐकली. मावसभाऊ तोवर ओदेन शोधायला गेला होता.

चेकाळून मी एका कंपनीच्या स्टॉलवर गेलो. कुठली ते सांगत नाही. चौकीची छोटी गाडी काढणार का, म्हणून विचारायला लावलं. तिथल्या मुलाने फार आदबीने वाकून काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाला?"

"विचार करतो म्हणाला. म्हणजे नाही, दादा."

निघताना दुकानात मी जीआरएस 210 गस्ती क्राउन घेतली, तत्त्वाचा प्रश्न होता. खोकं बॅगेत मावत नाही. फवारणीचे रंग विमानात नेता येत नाहीत, ते ठेवून आलो. काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ब्रशने सरळ येणार नाही हे मला आत्ताच दिसतंय. दुकानात नवख्या माणसाला कोणी काही सांगत नाही, हसून खोकं पिशवीत घालतात, बस्स.

मागे वळून बघतो तर मावसभाऊ पैसे देण्याच्या रांगेत. आयुष्यात कधी एक किट न उघडलेल्या माणसाच्या हातात स्कायलाइन जीटी-आर, काळी-पांढरी, छतावर लाल दिवे.

"अरे, ही कशाला?"

"भारी दिसतेय की!"

क्योतोपर्यंत मी त्याच्याशी त्यावर वाद घातला, मोठ्या आवाजात, समोरच्या बाईंनी वळून बघेपर्यंत.