गेट म्हणजे फाटक नव्हे

दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाची वही घेऊन आली.

"मामा, गेट म्हणजे काय?"

"फाटक," मी डोळे न उघडताच म्हणालो.

"ते नाही रे! जी, ई, टी!"

'मिळणे' एवढं सांगून कूस बदलता आली असती. आमच्या सरांनी तेच केलं होतं. फळ्यावर गेट-गॉट-गॉट, पुढे 'मिळणे', आणि दहा वेळा लिहून आणा. मग परीक्षेत भाषांतराला वाक्य आलं, 'ही गॉट ओल्ड'. मी इमानेइतबारे लिहिलं, 'त्याला म्हातारपण मिळाले.' सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. हल्ली जिना चढताना वाटतं, अर्धा गुण द्यायला हरकत नव्हती.

सरांचा दुसरा राग 'गॉटन'वर. वहीत दिसला रे दिसला की लाल रेघ आणि "असा शब्दच नाही!" शब्द होता, चांगला जुना होता. इंग्लंडात तो मागे पडला, अमेरिकेत टिकला, एवढंच. आणि 'फॉरगॉटन' मात्र इंग्लंडातही कुणी टाकला नाही. सरही तो बिनदिक्कत लिहायचे. याचा जाब विचारायला हवा होता, पण सुचलं तेव्हा शाळा सुटून तीस वर्षं झाली होती.

हे गेट मुळात इंग्रजांच्या घरचं नव्हेच. जुन्या नॉर्स भाषेतलं 'गेता'. स्कँडिनेव्हियातून जे लोक आधी लुटायला आणि मग राहायला इंग्लंडात आले, त्यांच्याबरोबर ते आलं. लुटारूंनी येताना 'मिळवणे' हेच क्रियापद आणावं, यात नवल नाही. या क्रियापदाचं एक भावंड इंग्रजीत आधीपासून होतं, पण ते पुढे काहीतरी जोडूनच वावरायचं. फॉरगेट हा त्यातलाच, म्हणजे हातचं निसटू देणे. थोडक्यात, विसरणं घरचं आणि मिळवणं बाहेरून आलेलं.

मोठेपणाचा मान मात्र गेटला मिळाला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे सुधारित आवृत्तीच्या कामात 'रन'ने ती गादी बळकावली. नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ! त्यांची वर्गवारी लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांना सुमारे ९ महिने लागले. यावर विनोद करायचा मोह आवरतो.

पण '९ महिने लागले' असं लिहिलं आणि तिथेच थबकलो. हे 'लागले' काय आहे? आपल्याला भूक लागते, ठेच लागते, वेड लागतं. निकाल लागतो, दिवा लागतो, दारही लागतं. एकाची गाडी फलाटाला लागते, दुसऱ्याला ती घाटात लागते. नळ लागतो तसा फोनही लागतो. कोणी आपला काका लागतो, आणि पोरगं बोललेलं मनाला लागतं. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने "लागणे म्हणजे काय?" असं विचारलं, तर मी त्याला काय सांगणार? 'स्पर्श होणे'? बिचारा भुकेला हात लावायला जाईल. आणि आपण मात्र इंग्रजी भाषाच विचित्र म्हणून हसत बसतो.

गेटच्या एका वापरात तर 'मिळणे' अगदी चपखल बसतं. तो सरांनी शिकवलाच नाही. 'आय गेट टू गो', म्हणजे मला जायला मिळतं. नुसतं जातो असं नव्हे, मिळतं. त्यात परवानगी आहे, थोडं नशीब आहे, आणि हे इतरांना सांगताना जरा कॉलर ताठ होते तेही आहे. याच्या उलट 'आय हॅव टू गो', मला जावं लागतं. पुन्हा लागतंच!

हे मी भाचीला तिथल्या तिथे, उठून बसून, हातवारे करत समजावून सांगितलं. 'गेता'ही सांगितलं, 'रन'ही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा जांभई दिली, ती माझीच तिला लागली असणार.

मग वही पुढे सरकवून म्हणाली, "मामा, म्हणजे मला आता खेळायला मिळणार, की हे सगळं लिहावं लागणार?"