सात नंबरची आई

“खेळू द्या तिला बाई, पण सूर मारायला नका लावू.”

दुपारच्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात उभं राहून आमच्या खो-खोच्या संघातल्या सात नंबरची आई एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, भांडली नाही. हातात बाजाराची पिशवी होती, ती या हातातून त्या हातात करत होती. “गुडघे बघितलेत का तिचे? हे वण जायचे नाहीत. उद्या पाहायला येतील त्यांना काय सांगू?” अगं, दहावीत आहे ती अजून, मी म्हटलं. “आत्ता नाही हो. पण गुडघे तेच राहणार ना.” आणि गेली. पुढचा तास आठवीवर भूगोलाचा. फळ्यावर भीमेच्या उपनद्या काढत होते, नीरा, माण, सीना, आणि डोक्यात सारखं तेच वाक्य.

दुसरी कुणी असती तर इतकं लागलं नसतं. दर हंगामात कुणी ना कुणी येतंच. पोरगी उन्हानं काळी पडली, अभ्यास मागं पडला, संध्याकाळी घरी यायला उशीर होतो. त्यांना काय सांगायचं ते मला पाठ आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला क्रीडा गुण मिळतात. शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेचं सांगते. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती, 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आया ऐकून घेतात, बाप मान हलवतात, पोरगी दुसऱ्या दिवशी मैदानावर येते.

हिच्यापुढे त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. तिला काय सांगणार? ती माझीच जुनी विद्यार्थिनी, खांबावरचा सूर आमच्या शाळेत पहिल्यांदा मारला तो हिनंच. मी तेव्हा नुकती बी.पी.एड. होऊन आलेली, स्वतः धावक म्हणून खेळलेली. सूर मला पुस्तकातून सांगता यायचा, तिला तो अंगातून यायचा. खांबाच्या अलीकडे दोन पावलांवर ती एकदम खाली जायची, डाव्या हातानं खांब धरून सगळं अंग पलीकडे फेकायची आणि उजवा हात धावणारीच्या पाठीला नाही, थेट टाचेला. पंचाची शिट्टी वाजायची तेव्हा ती मातीत आडवी असायची आणि समोरची अजून पळतच असायची, आपण बाद झालो हे तिला कळलेलं नसायचं. उठली की आधी वेणी पुढची मागे टाकायची, मग गुडघा बघायची. रक्त आलं असलं तर तिथलीच चिमूटभर माती दाबायची. मी ओरडायचे, सोफ्रामायसिनची ट्यूब घेऊन मागे धावायचे. ती तोवर चौकोनात जाऊन बसलेली असायची.

तिनंच येऊन म्हणावं, सूर नको.

मला सारखं हेच वाटतंय, की मग तिच्याकडे या खेळातलं उरलं काय? फक्त वण? एवढी वर्षं मी समजत होते की पोरी लग्न होऊन गेल्या, शेतात राबल्या, कुणी पुण्याला कंपनीत गेल्या, तरी ते मैदान त्यांच्याजवळ कुठंतरी असणार. भेटल्या की हसून “बाई, अजून तसंच ओरडता का” विचारतात, त्यावर मी खूश व्हायचे. आज पहिल्यांदा वाटलं की ते माझ्यासाठी विचारत असतील. मला बरं वाटावं म्हणून.

आणि मग बाकीचंही सगळं एकामागून एक वर आलं. दहावीचे खेळाचे तास दिवाळीपर्यंत गणिताला दिलेत. वेळापत्रकावर खेळाच्या जागी सरळ कागद चिकटवलाय. मतदारयादीचं काम पुन्हा माझ्याकडेच. मैदानातले खडे आम्हीच वेचायचे, पाणी आम्हीच मारायचं, फक्कीचं पोतं मागायला गेलं की मागच्या वर्षीचं संपलं कसं हा प्रश्न. मैदानाच्या कडेला पोरांचे सामने बघायला अख्खं गाव उभं असतं, पोरींच्या सामन्याला त्यांच्या घरचंसुद्धा माणूस नसतं. माझ्या डाव्या कोपराला जो वण आहे तो झाकायला माझ्या आत्यानं पाहण्याच्या दिवशी लांब बाह्यांचा ब्लाउज शिवून आणला होता. ऐन मे महिन्यात. मी तो घातला होता.

संध्याकाळी यांना सांगितलं तर म्हणाले, “तू तिची आई नाहीस.” बरोबर आहे. त्यावर आज लिहायचं नाही.

सराव मात्र आज झाला तो लिहिते.

सात नंबर वेळेवर आली. गुडघ्यांना दोन्हीकडे जाड नीकॅप, वरून पूर्ण पॅंट. पळाली चांगली, खो वेळेत दिला, बसताना पाय रेषेवर नव्हते. पण खांबाशी तीनदा समोरची हातभर अंतरावर होती आणि ही नुसती हात लांबवून थांबली. आता खो-खोत धावणारीला हवं तसं वळता येतं, पाठलाग करणारीला नाही. तिनं एकदा दिशा धरली की मागे फिरायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही. ते हातभर अंतर तोडायला तिच्याकडे सूर सोडून असतं काय? बाकीच्या पोरी ओरडल्या, “मार की गं!” ती काही बोलली नाही.

सरावानंतर खांबाजवळ पडलेले खडे गोळा करत होती. मी गेले तर मान वर न करता म्हणाली, “मॅडम, आई येऊन गेली ना?”

हो म्हटलं.

“तिच्याच गुडघ्याला माझ्यापेक्षा मोठे वण आहेत. लहान होते तेव्हा झोपताना दाखवायची मला. हा पंढरपूरचा, हा अकलूजचा, हा वेळापूरच्या पोरींशी खेळताना. मी बोट ठेवायचे आणि ती गावाचं नाव सांगायची.” मग जरा थांबून, “पप्पा असले की नाही सांगायची.”

पुढं तिनं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खडे टोपलीत टाकले आणि गेली सायकलवरून.

म्हणजे आईला सगळं आठवतं. गावांसकट आठवतं. 2025 च्या जानेवारीत, 19 तारखेला, दिल्लीला खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तेव्हा सगळ्या पोरी आमच्याकडे टीव्हीसमोर बसल्या होत्या. प्रियंका इंगळेचा भारतीय संघ नेपाळविरुद्ध 78–40 नं जिंकला. ही पोरीला न्यायला आली होती. चहा घे म्हटलं तर नको म्हणाली, बस म्हटलं तर बसली नाही, उंबऱ्यात उभी राहिली आणि सामना संपेपर्यंत हलली नाही. घाईत असेल असं मी तेव्हा समजले होते.

अजून वाईट वाटतंय, पण दुपारसारखं नाही. दुपारी वाटलं होतं की तिनं खेळ टाकून दिला. टाकून दिलेला नाही. त्या वणांवरून तिला घरात काय काय ऐकावं लागलं असेल ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिनं ते सोसलं, आणि पोरीच्या वाटचं कमी करायला बघतेय. वर, खेळू द्या असंही म्हणाली. ते वाक्य आधी होतं. दुपारपासून मी मागचं अर्धंच धरून बसले होते. कितीतरी आया तर पोरीला मैदानावर पाठवतच नाहीत.

तिला पटवायला मी तिच्या घरी जाणार नाही. जिल्हा स्पर्धेला सात नंबर संघात आहे, पहिल्या नऊ जणींत आहे. खांबाशी तिनं काय करायचं हे मी तिला सांगणार नाही, मारही म्हणणार नाही आणि नकोही म्हणणार नाही. गेले वर्षभर तिच्यावर जे आक्रमण बांधलंय ते जरा बदलावं लागेल. अकरा नंबरला खांबाकडच्या चौकोनात बसवून बघते, तिचा हात लांब आहे.

आणि आठवीच्या पोरींना यंदा सूर मुरमावर शिकवायचा नाही. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू पावसात निम्मी वाहून गेलीय. ट्रॅक्टर असलेला आपला जुना विद्यार्थी आहे, त्याला एक ट्रॉली मागते, महाग झालीय तरी. महिनाभर त्या खड्ड्यातच पडू देत, आधी छाती, मग हात, गुडघा शेवटी. नीकॅपचे जोड मुख्याध्यापकांकडे मागितले तर पुढच्या वर्षी मिळतील, तेव्हा सध्या पगारातून सहा जोड आणते. सोलापूरला शनिवारी जायचंच आहे.