तोटी इनामगावची, माती मुंढव्याची : आमची वाटचाल

आमची मातीची चहाची किटली हातात घेतली की लोक तोटीबद्दल विचारतात. ती इनामगावची. शिरूर तालुक्यातल्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. तिथली ताम्रपाषाण काळातली जोर्वे भांडी, म्हणजे लाल अंग, काळ्या भौमितिक रेघा, पोटाला धारदार कंगोरा आणि तोटी, हीच आमची शाळा. चाकाचं काम पुण्यातल्या केशवनगर-मुंढव्याच्या कुंभारांकडे पाहून उचललं.

सुरुवात पणत्या, सुगडं आणि कुंड्यांनी झाली. त्यांना इथली माती उत्तम. ९००-९५० अंशांवर छान भाजते. पण पाणी झिरपतं, त्यामुळे चहाच्या भांड्याला ती चालत नाही. आच वाढवावी तर लोह आणि चुन्यामुळे माती फुगते, बसते. त्यातून चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यावर तो हवेतला ओलावा ओढतो, फुगतो आणि कपची उडवतो, कधीकधी माल विकल्यानंतरही. म्हणून माती पातळ कालवून ८० नंबरच्या चाळणीतून गाळायचीच.

पुढे अंग स्टोनवेअरचं (जास्त आचेवर भाजून पाणी न झिरपणाऱ्या मातीचं) केलं आणि मुंढव्याची माती वरच्या लेपात आणली. लेपाचं प्रमाण : ही माती ४० टक्के, चायना क्ले (पांढरी माती) ३०, बॉल क्ले (चिकट माती) २०, फेल्स्पार (आचेत वितळणारं खनिज) १०. नुसत्या स्थानिक मातीचा लेप अंगापेक्षा जास्त आकसतो आणि पापुद्रे सुटतात. भांडं चामड्याइतकं घट्ट असतानाच तो द्यावा. १२२० अंशांवर रंग विटकरी-तपकिरी येतो. जोर्वेचा उजळ लाल हवा असेल तर वस्तू १००० अंशांवर भाजतो, पण ती फक्त शोभेची, हे गिऱ्हाईकाला आधी सांगतो. रेघांच्या काळ्या रंगात लोहाबरोबर मँगनीज असतं. त्याची वाफ घातक, म्हणून भट्टीच्या खोलीत एक्झॉस्ट हवाच. आतल्या पारदर्शक ग्लेझला, म्हणजे काचेसारख्या थराला, फेल्स्पार, चायना क्ले, क्वार्ट्झ (गारेची पूड), वोलास्टोनाइट (चुना असलेलं खनिज) आणि बोरॉनची फ्रिट (वितळवून दळलेली काच) समान भाग. शिसं अजिबात नाही.

खरी परीक्षा तोटीची. चाकावर ओढलेल्या तोटीत पीळ राहतो आणि भट्टीत तो सुटतो; टोक तिरकं कापलेलं असेल तर एका बाजूला कललेलं दिसतं. त्यासाठी एक तोटी आधी भाजून कल मोजतो आणि उरलेल्यांची टोकं तेवढी उलट बाजूला कापतो. तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या खाली गेलं तर भरतानाच चहा सांडतो. गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोटीच्या तोंडापेक्षा जास्त हवं, नाहीतर धार अडखळते.

पावसाळ्यात सगळं लांबतं. कान आणि तोटी अंगाआधी सुकतात आणि सांध्याला चीर जाते, म्हणून झाकण बसवूनच किटली प्लॅस्टिकखाली सावकाश सुकवतो. पहिल्या भाजणीत १२० अंशांपर्यंत तासाला ६० अंशांहून जास्त चढवत नाही. आत ओल असेल तर वाफेने भांडं फुटतं. ५७३ अंशांजवळ क्वार्ट्झचं आकारमान बदलतं, तिथेही घाई नाही. दिवाळीच्या किटल्यांची नोंदणी म्हणूनच गणपतीआधी बंद करतो.